हेडशॉटसाठी फोटोग्राफर कसा निवडावा? (पुणे / मुंबई)

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मूळचा सांगलीचा, कॉलेजपासून पुण्यात. पुरुषोत्तम झालं, फिरोदिया झालं (कॉलेजांच्या रंगमंचीय स्पर्धा), आता नोकरी सांभाळून प्रायोगिक नाटकं चालू आहेत. वय २७, उंची पाच सात, रंग सावळा, दाढी आहे. चेहरा आईच्या मते बँकेतल्या कॅशियरचा. यंदा मालिका आणि वेबसिरीजसाठी मनापासून प्रयत्न करायचं ठरवलंय. त्यासाठी हेडशॉट, म्हणजे ऑडिशनला पाठवायचे चेहऱ्याचे फोटो, काढून घ्यायचेत. पण ऑडिशनच्या ग्रुपवर 'प्रोफाइल पाठवा' (म्हणजे फोटो आणि माहिती) म्हणतात तेव्हा माझ्याकडे काय, तर मामेभावाच्या लग्नातला कुर्त्यातला एक फोटो आणि नाटकाच्या प्रयोगातले काही. त्यातल्या बऱ्याच फोटोंत मी साठीचा म्हातारा आहे.

समोर तीन पर्याय आहेत.

१. कॉलेजचा मित्र. लग्नं आणि प्री-वेडिंग करतो, काम झकास. पैसे घेणार नाही म्हणतो.

२. अंधेरीतला एक स्टुडिओ. एका कोऑर्डिनेटरने (ऑडिशनसाठी नट जमवणाऱ्याने) सुचवला. पॅकेज ३५ हजार. पाच लुक, मेकअप-हेअर, ४० एडिट केलेले फोटो, शिवाय 'आम्ही कास्टिंगवाल्यांपर्यंत पोचवतो'.

३. आमच्या नाटकांचे फोटो काढणाऱ्या एक ताई. ६ हजार म्हणाल्या. पण त्यांनी हेडशॉट असे फारसे केलेले नाहीत.

तिघांचंही काम पाहिलं आणि तिन्ही छानच वाटलं, घोळ तिथेच आहे. नेमकं बघायचं काय?

खडूस_काका

फोटोपेक्षा अभिनयाकडे लक्ष द्यावे. आमच्या वेळी दिग्दर्शक प्रयोगाला येऊन नट निवडत. चेहऱ्याची जाहिरात करावी लागत नव्हती.

झटपट_राव

कशाला एवढा खर्च? हल्ली एआयची अ‍ॅप आहेत. दहा सेल्फी टाका, शंभर हेडशॉट मिळतात, कोट-टायसकट. चारपाचशे रुपयांत काम फत्ते.

फिट_नॉटफिट

वर्सोव्याला आरामनगरमध्ये एका कास्टिंग ऑफिसात असिस्टंट आहे. कोणाच्या ते विचारू नका, आणि कृपा करून प्रोफाइल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका.

आधी पर्याय दोनचं बोलते. फोटोग्राफर फोटो काढतो, कास्टिंगवाल्यांपर्यंत पोचवत नाही. आमच्याकडे कुणी 'अमक्या स्टुडिओतलेच फोटो हवेत' असं म्हणत नाही आणि म्हणणार नाही. जिथे काम देणारा माणूस फोटोग्राफरकडे पाठवतो किंवा फोटोग्राफर कामाचं आमिष दाखवतो, तिथे त्या ३५ हजारांतला काही वाटा कोऑर्डिनेटरला जात असणार हे गृहीत धरा. रजिस्ट्रेशन फी, कार्ड फी, पोर्टफोलिओ फी या सगळ्या एकाच माळेतल्या. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. फोटोग्राफर खरंच चांगला असेल तर ते वाक्य न बोलताही त्याला गिऱ्हाईक मिळतं.

आता तुमचे फोटो आमच्याकडे कसे बघितले जातात ते ऐका, म्हणजे फोटोग्राफर कसा हवा ते तुमचं तुम्हालाच कळेल. ब्रीफ येतं, म्हणजे कसा नट हवा त्याचं वर्णन, समजा 'ग्रामसेवक, २५ ते ३२, दिसायला साधा, पण थोडा आतल्या गाठीचा'. ग्रुपवर टाकलं की तासाभरात तीनशे-चारशे प्रोफाइल पडतात. मी ती फोनवरच बघते. एका हातात चहा, मागे ऑडिशन चालू, बाहेर लाइन लागलेली. त्या छोट्याशा चौकोनात जो चेहरा दिसला तो दिसला. उघडून मोठा करावा असं वाटलं तरच उघडते. मग वीसेक जणांना बोलावते. आणि दारातून आलेला माणूस फोटोतला नसला, म्हणजे फोटोत गोरा, समोर सावळा, फोटोत जबडा धारदार, समोर गोल, तर माझं तोंड कडू होतं. कारण मला माझ्या बॉसला उत्तर द्यायचं असतं. पुढच्या वेळी त्याचा फोटो मी उघडतच नाही. हा अन्याय असेलही, पण तसं होतं खरं.

झटपट_राव, एआयचं उत्तर यातच आलं. तो माणूस दारातून येऊच शकत नाही, कारण तो नाहीच आहे.

तिसरी_घंटा, या तिघांचे फोटो फोनवर उघडा आणि बोटाच्या नखाएवढे करा. अशा दहा अनोळखी चेहऱ्यांत दहा वेगळी माणसं दिसतायत की एकच दिवा, एकच मान वाकडी, एकच गंभीर नजर? दहा वेगळी दिसली तर तो फोटोग्राफर नटाचा. सगळे सारखेच देखणे दिसले तर तो स्वतःचा. स्वतःची शैली असणं चांगलंच, पण तुमच्या पैशात नको.

तिसरी_घंटा

बापरे, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आत्ताच नखाएवढे करून बघितले. अंधेरीवाल्यांच्या पानावरची मुलं खरंच एकमेकांची भावंडं वाटतात. सगळ्यांच्या मागे काळा पडदा, सगळ्यांच्या गालावर एका बाजूने उजेड, सगळ्यांचे डोळे बारीक केलेले.

काका, तुमच्याशी सहमत आहे हो, पण दिग्दर्शक प्रायोगिकला आलेच तर मागच्या रांगेत बसून मध्यंतरात जातात. :)

प्रकाशमापक

हौशी फोटोग्राफर, पण हौस जुनी आहे. तांत्रिक बाजू थोडी मांडतो.

चेहऱ्यासाठी ८५ एमएमच्या आसपासची लेन्स हवी. फोनचा मुख्य कॅमेरा २४-२६ एमएमच्या घरात असतो, त्याने जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. म्हणून सेल्फीला हेडशॉट म्हणू नये. फोटोग्राफरला लेन्स विचारा.

दुसरं, सावळा रंग. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कुणी बोलत नाही. कॅमेरा ऑटोवर ठेवून सावळ्या माणसाला पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं की कॅमेरा भिंत बघून उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग एडिटमध्ये चेहरा उजळवायचा. त्यात त्वचेचा मूळ रंग जातो आणि राखाडी-गुलाबी काहीतरी उरतं. ज्याला येतं तो मुळात चेहऱ्यावर मोजमाप करतो आणि उजेड मोठ्या, मऊ पृष्ठभागावरून आणतो. सावळ्या त्वचेवर उजेडाची चमक कशी पडते यातूनच हाडांची ठेवण दिसते. ती चमक पावडर थापून मारायची नसते, जागेवर आणायची असते. तेव्हा फोटोग्राफरच्या कामात तुमच्या रंगाची माणसं शोधा. नसतील तर का नाहीत ते विचारा. असतील आणि सगळी दोन छटा उजळ वाटत असतील तर रामराम करा.

नाकासमोर

प्रकाशमापकजी, किंचित दुरुस्ती. नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे. दोन फुटांवरून कुठल्याही लेन्सने नाक मोठंच दिसणार. सहा फुटांवर जाऊन फोनने काढा आणि कापून घ्या, नाक जागेवर येईल, फक्त फोटो फुटेल. लेन्स विचारण्यापेक्षा फोटोग्राफर किती लांब उभा राहतो ते बघा.

प्रकाशमापक

मान्य. पण लांब उभं राहून चौकट भरायची तर मोठी लेन्सच लागते, म्हणून तसं लिहिलं. परिणाम एकच.

नाकासमोर

परिणाम एक, कारण वेगळं. असो.

निगेटिव्ह_रोल

नाक-पुराण संपलं असेल तर बोलतो. :)

मालिकांमध्ये दहा-बारा वर्षं काम करतोय. सासऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारा जावई ते बिल्डरचा उजवा हात, एवढीच माझी रेंज आहे असं चॅनेलवाल्यांचं मत. पहिल्या पोर्टफोलिओत मी चामड्याचं जॅकेट घालून मोटरसायकलला टेकून उभा होतो. त्यावर एकदाही फोन आला नाही. ज्यावर यायला लागले तो फोटो साध्या चौकटीच्या शर्टातला, खिडकीशेजारचा, जरा चिडलेला. चिडलो होतो कारण फोटोग्राफर मला माझ्या भाड्याच्या डिपॉझिटबद्दल विचारत होता. मुद्दाम.

माझ्या मते फोटोग्राफर कामावरून अर्धा कळतो आणि बोलण्यावरून अर्धा. फोन करा. 'किती लुक, किती कपडे, पॅकेज कोणतं' असं पहिलं विचारलं तर समजा कपड्यांचे फोटो निघणार. 'हल्ली कुठल्या भूमिका करताय, कुठल्या मिळाव्यात असं वाटतं, स्वतःचा कुठला फोटो आवडत नाही' असं विचारलं तर तो चेहऱ्याकडे बघणार. शूटच्या दिवशी सतत 'हनुवटी खाली, खांदा इकडे, आता स्माइल' म्हणणारा नटाच्या कामाचा नाही. आपण नट आहोत, आपल्याला सूचना दिल्या की आपण त्या वठवतो, आणि मग फोटोत वठवलेलंच दिसतं. गप्पा मारता मारता काढणारा हवा. डोळ्यांत काहीतरी चाललेलं हवं.

आणि एक. पाच लुक म्हणजे पाच शर्ट नव्हेत. तुमच्या आईने सांगितलेला कॅशियर हा एक लुक आहे, आणि तो सोन्यासारखा आहे. कॅशियर, शिक्षक, तलाठी, हिरोचा मित्र, सरकारी वकिलाचा ज्युनियर ही सगळी रोज लागणारी माणसं. तो पकडा. दुसरा त्याच्या उलटा, म्हणजे हाच माणूस रात्री काय करत असेल तो. बास.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाची नाटकं करतो आणि हौसेपोटी स्थानिक जाहिरातींच्या ऑडिशन देतो, म्हणून इकडचं सांगतो. इथे जुनी पद्धत म्हणजे ८ बाय १० इंचाचा प्रिंट, मागे स्टेपल केलेला बायोडेटा. पूर्वी कृष्णधवल असायचा, आता रंगीतच. बरंचसं काम ऑनलाइन गेलं तरी नियम तोच, खांद्यापासून वर, नजर सरळ कॅमेऱ्यात, पार्श्वभूमी धूसर, वेशभूषा शून्य. डॉक्टरच्या भूमिकेसाठी स्टेथोस्कोप घातलात तर हसतात. इंग्लंडात नटांची 'स्पॉटलाइट' नावाची डिरेक्टरी १९२७ पासून आहे, तिथेही साधा चेहराच. तेव्हा फेटा, नऊवारी, चंद्रकोर वगैरे टाळावं असं सुचवेन.

फिट_नॉटफिट

जर्सीकर, फेट्याबद्दल शंभर टक्के. ऐतिहासिक मालिकेचं ब्रीफ पडलं की अर्धा महाराष्ट्र भाड्याचा फेटा आणि चिकटवलेल्या मिशा लावून फोटो पाठवतो. मिशीच्या कडेला गोंद दिसत असतो. फेटा आमच्या ड्रेसवाल्याकडे आहे, चेहरा पाठवा.

पण इथे एक फरक आहे. मालिकांच्या ब्रीफमध्ये मुलींना 'एक ट्रॅडिशनल, एक वेस्टर्न' स्पष्ट मागतात. सून शोधत असताना जीन्समधला फोटो बघून साडीची कल्पना आम्ही करू शकतो, चॅनेलवरची माणसं करत नाहीत. त्यामुळे मुलींनी एक साधी कॉटनची साडी ठेवावी. दागिने कमी, केस जसे रोज असतात तसे. मुलांना कुर्ता पुरतो.

यादीच हवी असेल तर: क्लोज-अप हसरा, क्लोज-अप न हसता, मिड (कमरेपर्यंत), फुल लेन्थ, डावी-उजवी प्रोफाइल (बाजूने दिसणारा चेहरा). हे सहा नीट आले की संपलं. बाकीचे ३४ तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकणार, आम्ही बघणार नाही.

नेपथ्यवाली

धागा मुलाचा आहे, पण मुलीही वाचत असतील म्हणून लिहिते. कामाचा दर्जा नंतर, आधी जागा कुठे आहे ते बघा. स्टुडिओ असेल तर कपडे बदलायची वेगळी, आतून कडी असलेली खोली हवी. फ्लॅट असेल तर शूटला अजून कोण असणार ते आधी विचारा. सोबत मैत्रीण नेणारच असं सांगा, त्यावर फोटोग्राफर कुरकुरला तर तिथेच थांबा. कुठले कपडे, कशा प्रकारचे फोटो हे आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठरवा. ऐनवेळी 'वेबसिरीजला बोल्ड लागतात, दोन-चार काढून ठेवू' असं निघालं तर ते लागत नाहीत. इथे फिट_नॉटफिट आहेतच, त्यांनी सांगावं.

फिट_नॉटफिट

लागत नाहीत. प्रोफाइलसोबत तसले फोटो मागणारं ऑफिस खरं कास्टिंग ऑफिस नाही. असा मेसेज आला तर स्क्रीनशॉट ठेवा आणि ब्लॉक करा. सिंटाचं (सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं) कार्ड असेल तर तिथे तक्रार करता येते, नसेल तर पोलीस आहेतच.

कलम_सतरा

वकिली पेशा, त्यामुळे कागदाचं बोलतो. फोटोचा हक्क कोणाचा, हे कुणीच विचारलं नाही.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल तर उलट करार नसताना हक्काचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे ताईंना तुम्ही ६ हजार दिलेत आणि वेगळं काही ठरलं नाही तर फोटो तुमचे. जर्सीकरांच्या अमेरिकेत साधारण उलटं आहे, तिथे हक्क फोटोग्राफरकडे राहतो आणि नटाला वापरायची परवानगी मिळते. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले तिकडचे असल्याने लोकांचा गोंधळ होतो.

गंमत पर्याय एकमध्ये आहे. मित्र फुकट काढणार, म्हणजे मोबदला नाही, म्हणजे हक्क मित्राचा. मित्र आज चांगलाच आहे. पण उद्या त्याने तुमचा चेहरा कुठल्या सलूनच्या जाहिरातीला दिला तर भांडण कोर्टात की कट्ट्यावर, ते ठरवावं लागेल. तेव्हा पैसे द्या. आणि पॅकेजवाल्यांच्या फॉर्मवर सही करण्याआधी बारीक अक्षर वाचा, कारण 'उलट करार' तिथेच लपलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहून घेतल्या तरी पुष्कळ: किती एडिट केलेले फोटो, किती दिवसांत, पूर्ण रिझोल्यूशनमध्ये का, आगाऊ किती, पाऊस पडला किंवा आजारी पडलात तर तारीख बदलून मिळणार का, आणि फोटो त्यांच्या पानावर टाकण्याआधी विचारणार का.

खडूस_काका

कलम १७ ची माहिती उपयुक्त. धन्यवाद.

तिसरी_घंटा

काकांकडून धन्यवाद म्हणजे धागा सार्थकी लागला!

अंधेरी बाद केली. मित्राचं आणि ताईंचं बोलतो. निगेटिव्ह_रोल म्हणाले तसे दोघांना फोन केले. मित्र म्हणाला, 'तू फक्त ये, आपण मुळशीला जाऊ, गोल्डन अवरला, सूर्य मावळता मावळता, तलावाकाठी मस्त येतात.' ताईंनी विचारलं, 'त्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत तू बोलायच्या आधी खालचा ओठ आत घेतोस, ते तू स्वतः पण करतोस का?' मला माहीतच नव्हतं. मी करतो.

पण शंका अशी. ताईंनी आयुष्यभर अंधारात, लांबून, रंगमंचावरच्या पिवळ्या उजेडात फोटो काढलेत. समोर बसवून एका माणसाचे काढणं वेगळं नाही का?

प्रकाशमापक

वेगळं आहे, बरंच. प्रयोगात नट स्वतःच हलतो, दिवे दुसऱ्याने लावलेले असतात, फोटोग्राफरने फक्त क्षण पकडायचा. हेडशॉटमध्ये उजेडही तिने आणायचा आणि क्षणही तिनेच घडवायचा. पण तुमच्यासाठी स्टुडिओच्या दिव्यांची गरजच नाही. घरातली उत्तरेची मोठी खिडकी, ऊन थेट आत न येणारी. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा, सावली किती हवी त्याप्रमाणे जवळ-लांब करायचा. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश तर फुकटचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारा दिवा. दुपारच्या उन्हात मात्र नको, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. आणि रिंग लाइट आणला तर नम्रपणे बंद करायला सांगा. बुबुळात ती पांढरी बांगडी दिसते आणि चेहरा सपाट होतो.

निगेटिव्ह_रोल

खालच्या ओठाचं विचारणारी बाई सोडू नकोस रे. दिवे शिकता येतात.

अर्ध्या तासाची चाचणी माग. पैसे देऊन माग, फुकट नको. खिडकीपाशी दोघं बसा, वीस-पंचवीस फोटो काढा. जमलं तर पूर्ण शूट, नाही तर चहा पिऊन घरी. मित्राकडूनही तसंच करून घे, म्हणजे तुलना होईल आणि मैत्रीही राहील.

सांगलीची_हळद

गाववाले! शर्टबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, माझा नवरा कॅमेरा असिस्टंट आहे. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकटीचा शर्ट घालू नका, कॅमेऱ्यात नाचतो. पांढराशुभ्रही नको, नजर चेहऱ्याऐवजी शर्टावर जाते. तुमच्या रंगाला मोरपंखी, विटकरी, गडद हिरवा छान. कॉलर इस्त्रीची, पण नवीकोरी नको. चष्मा लावत असाल तर काचा काढलेली एक फ्रेम जवळ ठेवा, प्रतिबिंब येत नाही.

तिसरी_घंटा

अपडेट. दोन्ही चाचण्या झाल्या.

मित्राचे फोटो सुंदर आले. खरंच. आईने लगेच वॉलपेपर केला. पण नखाएवढे केले की आधी तलाव दिसतो, मग मी. आणि मी जरा लग्नाळू दिसतो. त्याला पैसे घ्यायला लावले, तो चिडला, पण घेतले.

ताईंकडे गेलो. त्यांच्या घरी मागच्या बाजूला वॉशिंग मशीनची गॅलरी आहे, तिथे स्टुलावर बसवलं. पहिला पाव तास एकही बरा फोटो नाही, दोघंही अवघडलेले. मग त्या म्हणाल्या, 'नोटा मोज. खऱ्या नाहीत, मनातल्या मनात. शंभराच्या. आणि मध्ये मी काहीतरी विचारीन, तरी आकडा चुकायचा नाही.' मी मोजायला लागलो. त्या सांगलीच्या पुराबद्दल, पगाराबद्दल, भाडं किती वगैरे विचारत राहिल्या. मी उत्तर देत होतो आणि डोळ्यांत ६३, ६४ चालू होतं. चाळिसेक फोटो काढले असतील. एक आहे त्यातला, कोणीतरी काउंटरवरून हाक मारल्यावर कॅशियर वर बघतो तसा. हसू नाही, राग नाही, पण 'थांबा जरा' असं चेहऱ्यावर आहे. रंग माझाच आहे. डाव्या भुवईवरची लहानपणची खोकही आहे.

एक अडचण: फोटोत कपाळ फार चमकतंय. आणि ताई म्हणतात खोक एडिटमध्ये काढू का.

प्रकाशमापक

कपाळासाठी टिश्यू पेपर. शूटच्या मध्ये टिपत राहायचं. फारच वाटलं तर तुमच्याच रंगाची थोडी पावडर, पांढरी नको.

फिट_नॉटफिट

खोक राहू द्या. एडिटचा साधा नियम: आठवड्यात जाणारं काढायचं, जसं की पुटकुळी, वस्तऱ्याचा ओरखडा. कायमचं ठेवायचं, म्हणजे तीळ, व्रण, डोळ्याखालचं वर्तुळ. त्वचेची रंध्रं दिसली पाहिजेत. मेणाचा माणूस मागवायचा असेल तर मी लोणावळ्याच्या मेणाच्या पुतळ्यांच्या म्युझियमला फोन करीन.

तो 'थांबा जरा'वाला फोटो वर्णनावरूनच उघडावासा वाटतोय. मात्र हसरा एक घ्याच. गंभीर सगळ्यांकडे असतो, खरं हसणारा फोटो मिळता मिळत नाही.

खडूस_काका

दाढीचे काय ठरले? कॅशियरला दाढी शोभत नाही.

निगेटिव्ह_रोल

काका, हल्ली मॅनेजरलाही असते. पण प्रश्न चांगला आहे. एकाच दिवशी सगळं घ्या: आधी पूर्ण दाढीत, मग ट्रिम, मग फक्त मिशी, शेवटी सफाचट. उलट क्रमाने जमत नाही म्हणून आधीच सांगतो. सफाचट केल्यावर फोटोआधी तासभर जाऊ द्या, गाल लाल होतात. आणि दाढीखालची त्वचा फिकी असते, ते ताईंना आधी सांगून ठेवा, उजेड थोडा बदलावा लागेल.

तिसरी_घंटा

ऑफिसात सफाचट जायचं म्हणजे चर्चा होणार, पण ठीक आहे. रविवारी सकाळी पूर्ण शूट ठरलं. सहा फोटो, पंधरा दिवसांत, पूर्ण रिझोल्यूशन, निम्मे पैसे आधी. ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं, वर 'हे कलम १७ कोण सांगतंय तुला' असंही विचारलं.

शेवटचा प्रश्न: ग्रुपवर पाठवताना फोटो फुटतात, त्याला काय करायचं?

फिट_नॉटफिट

फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण मग उघडल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणून क्लोज-अप एक साध्या पद्धतीने आणि बाकीचे डॉक्युमेंट. फाइलचं नाव 'आयएमजी' आणि पुढे आकडे असं ठेवू नका. नाव, वय, उंची, शहर, फोन. माझ्या फोनमध्ये आत्ता 'फायनल फायनल २' नावाच्या फाइलींतून सतरा नट आहेत, त्यातला एक मला हवाय आणि तो कोण ते मला कळत नाहीये.